शिखराच्या अलीकडे

केंटन, हॅरो
९ जुलै २००६

प्रिय स्वाती,

हात सवयीने ‘चि. सौ.’ लिहायला गेला आणि तिथेच थांबला. तो कागद फाडला, हा दुसरा घेतला.

तू आणि स्वराली नागपूरला सासरी पोचलात हे उदयच्या मित्राकडून, परीक्षितकडून कळलं. बेसिंगस्टोकचं घर त्याने आणि ऑफिसातल्या दोघांनी मिळून रिकामं केलं. स्वरालीची सायकल तेवढी जहाजाने पाठवायची राहिली आहे, ती तो पाठवणार आहे. फोनवर हे बोलायला जमत नाही, म्हणून पत्र लिहिते.

तशी आपली ओळख ती किती? हीथ्रोवर उदयला सोडायला आली होतीस तेव्हा पाहिलं, आणि त्यानंतर क्रिमेटोरियममध्ये. पण उदयशी मात्र त्या आठवड्यात माझी चांगली गट्टी जमली होती. हॉस्पिसच्या मदतीसाठी चालायला निघालेले आम्ही नऊ मराठी लोक, त्यात बहुतेक साठीचे. तो एकटाच तरुण. पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेऊन म्हणाला, “काकू, तुम्ही फक्त स्वतःला घेऊन चला.” जेवताना हातात ताट घेऊन सगळ्यांमध्ये फिरायचा. जॉर्डनच्या त्या वाळवंटात शेकोटीपाशी बसून त्याने स्वरालीच्या शाळेच्या नाटकाची नक्कल केली, तेव्हा आमचा बेदुईन वाटाड्या सालेमसुद्धा पोट धरून हसत होता, आणि त्याला एक अक्षर कळत नव्हतं.

त्या दिवशी काय झालं ते तू क्रिमेटोरियममध्ये विचारलंस, पण तिथे इतकी माणसं होती. शेवटचा दिवस होता. सौदीच्या सीमेवरचा तो डोंगर, उम्म अद दामी, चढायचा आणि दुसऱ्या दिवशी विमान. ऊन त्या मोसमात नसतं इतकं चढलं होतं. उदय मागे राहिला, विसावा घ्यायला एका खडकापाशी बसला. उतरताना पाहिलं तर तो तिथे नव्हता. शोधल्यावर बाजूच्या घळीत सापडला. आमच्या ह्यांनी, दीनानाथांनी, त्याच्यासाठी जिवाचं रान केलं. गुडघे दगडांवर सोलवटले, तरी ते छाती दाबायचे थांबले नाहीत. शेवटी सालेमने त्यांना धरून बाजूला केलं. सगळ्यांनी पाहिलं आहे ते.

तुझी काळजी घे. सासूबाईंना आणि सासऱ्यांना, कमलाकररावांना, नमस्कार सांग.

तुझी,
सुप्रभाकाकू

*

केंटन
१३ ऑगस्ट २००६

प्रिय स्वाती,

तुझं पत्र मिळालं. वाचून दोन दिवस ते फ्रिजवर ठेवलं होतं, पुन्हा हातात घ्यायचं धाडस होत नव्हतं.

सासूबाई दिवसभर बोलत नाहीत आणि बोलल्या की “तूच पाठवलंस त्याला” एवढंच बोलतात, हे वाचून जीव कळवळला. लोक तुला सांगतात की उदयचं वजन वाढलं होतं, त्याने सराव केला नव्हता, हट्टाने गेला. तू म्हणतेस तुलाही आता तसंच वाटायला लागलंय. तू त्याला बजावायला हवं होतंस, असं. स्वाती, असं नको गं मनात आणू. आदल्या चारही दिवशी तो आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. फक्त त्या शेवटच्या सकाळी त्याचं पोट बिघडलेलं होतं, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आम्हाला नंतर कळलं. रात्री झोप झाली नाही, एवढंच म्हणाला.

तू एकच गोष्ट विचारली आहेस. शेवटी तो काही बोलला का?

घळीत सापडला तेव्हा तो बोलण्याच्या पलीकडे गेला होता. हे खरं आहे. आदल्या संध्याकाळी मात्र तो तुझ्याबद्दल खूप बोलला. तुझं बेसिंगस्टोकमधलं ड्रायव्हिंग, राउंडअबाउटला तू घातलेले तीन फेरे. ते सगळं सविस्तर लिहीन.

इथे सगळे दीनानाथांचं कौतुक करतात. मंडळाच्या गणपतीत त्यांचा सत्कार करायचा घाट घातला आहे. नंदाताई, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरी, स्वतः घरी येऊन बोलावून गेल्या. मला वाटलं होतं हे नको म्हणतील.

आज एवढंच.

सुप्रभाकाकू

*

केंटन
१० सप्टेंबर २००६

स्वाती,

हे पत्र एकटी असताना वाच. मागच्या दोन पत्रांत खोटं एकही वाक्य नव्हतं. पण मी जे गाळलं, तेच तू विचारलं होतंस.

परवाच्या शनिवारी वेम्बलीच्या हॉलमध्ये सत्कार झाला. आरती झाली, मुलांचे नाच झाले, मग नंदाताईंनी माइकवरून सांगितलं की निवृत्त झालेला डॉक्टरसुद्धा आपला धर्म कसा विसरत नाही. तुझ्या उदयसाठी सगळा हॉल उभा राहून शांत झाला. मग दीनानाथांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मला खात्री होती, ते आता काहीतरी बोलतील. निदान नारळ परत ठेवतील. ते हात जोडून म्हणाले, “मी फक्त माझं काम केलं.” टाळ्या झाल्या. 

तर ऐक. उदय शेवटी बोलला. माझ्याशी बोलला. घळीत नाही, त्याच्या आधी. आम्ही चढत होतो तेव्हा.

सालेम बाकीच्यांना घेऊन पुढे गेला होता. कंपनीचा इंग्रज लीडर खाली जीपपाशी थांबला होता, कारण आमच्यातल्या एकांना उलट्या होत होत्या. शेवटी राहिलो आम्ही तिघंच, उदय, दीनानाथ आणि मी. शिखर डोक्यावर दिसत होतं, वरचा झेंडासुद्धा दिसत होता. एका खडकाच्या हातभर सावलीत उदय बसला तो बसलाच. मी बाटली पुढे केली तर ती त्याने हातात धरली आणि तिच्याकडे नुसता बघत राहिला. मी दुसऱ्या बाटलीतून रुमाल ओला करून त्याच्या कपाळावर ठेवला. स्वाती, कपाळ तव्यासारखं होतं आणि कोरडं. अंगावर घामाचा एक थेंब नाही. एकतीस वर्षं डॉक्टरची बायको म्हणून काढल्यावर एवढं कळतं.

दीनानाथांनी त्याची नाडी बघितली. मानेवर हात ठेवला, जरा वेळ ठेवला. मग उदयने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाला, “स्वाती, तिला स्वेटर घाल ना. बाहेर बर्फ पडून राहिला.”

आमच्याशी तो कधी असं नागपुरी बोलला नव्हता. ते तुझ्याशीच बोलायचं बोलणं होतं. मी ‘हो, घालते’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तो हसला. तेच शेवटचं. ते वाक्य तुझं आहे आणि मी ते तीन महिने दाबून ठेवलं, कारण ते तुला द्यायचं तर बाकीचंही द्यावं लागतं.

मी दीनानाथांना म्हणाले, “हा भलतंच बोलतोय. आपण थांबू या. सालेमला हाक मारू.”

ते उठले. पाठीवरची बॅग सारखी केली. म्हणाले, “उन्हाने होतं असं. सावलीत बसला की येईल ठिकाणावर.” मी हलेना, तेव्हा हसून म्हणाले, “सुप्रभा, मी रिटायर झालोय.”

आणि चालायला लागले.

मी त्यांच्या मागे गेले. का गेले ते सांगता येत नाही. ते डॉक्टर होते, मी कौन्सिलच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारणारी. त्यांनी बघितलंय म्हणजे ठीक असेल, असं मी आयुष्यभर म्हणत आले आहे. पानावर बसलेल्या नवऱ्याला लोकांनी उठवून नेलेलं पाहिलंय, विमानात ‘कुणी डॉक्टर आहे का’ असं पुकारलेलं पाहिलंय, ते कधी नाही म्हणाले नव्हते. मार्चमध्ये निवृत्त झाल्यावर पहिलं काय केलं तर स्टेथोस्कोप देऊन टाकला. हा डोंगर मात्र त्यांनी स्वतःसाठी निवडला होता. स्वतःसाठी म्हणून त्यांनी मागितलेली मला आठवणारी ही एकच गोष्ट.

वर पोचलो. दीनानाथांनी दोन्ही हात वर केले. इतका आनंदी चेहरा मी आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळीही पाहिला नव्हता. सालेमने विचारलं, तुमचा मित्र कुठे आहे? दीनानाथ म्हणाले, बसलाय, बरा आहे. सालेमने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि धावतच खाली निघाला. आम्ही फोटो काढून उतरलो तेव्हा खडकापाशी फक्त बाटली होती, न उघडलेली. उदय उठून उलट्या बाजूला चालत गेला होता. घळीत सापडला तेव्हा त्याने शर्ट काढून ठेवला होता, बूटही.

त्यानंतरचं मी लिहिलं तसंच घडलं. दीनानाथ रडत होते आणि छाती दाबत होते.

मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या ऑफिसला त्यांनी लेखी जबाब पाठवला आहे. त्यात लिहिलंय की चढताना उदय भेटला, दमलेला होता पण घाम येत होता आणि नीट बोलत होता. मला हे त्यांनी जबाब पाठवल्यावर सांगितलं, सफरचंद कापता कापता. मला कुणी जबाब विचारलेला नाही.

हे पत्र पेटीत टाकते आणि घरी जाऊन त्यांना सांगते. या कागदाचं काय करायचं ते तू ठरव. तू यात काहीच चुकली नव्हतीस, एवढं तुझ्या घरात सगळ्यांना कळायला हवं.

सुप्रभा

*

केंटन
२६ नोव्हेंबर २००६

स्वाती,

तुझं उत्तर आलं नाही, आणि ते यावं असं म्हणायचा मला हक्क नाही. परीक्षितने निरोप दिला की तू त्याला कोरोनरच्या चौकशीला, इन्क्वेस्टला, बसायला सांगितलं आहेस, आणि “काकूंना जे सांगायचं ते त्या सांगतील” एवढंच म्हणालीस. त्याने तुला फोनवर कळवलं असेलच. तरी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते.

आधी घरातलं. पत्र टाकून आले त्या सकाळी ते बागेकडच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत, पेपर वाचत होते. मी सांगितलं की स्वातीला सगळं लिहिलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “उदय बोलला तेही?” मी हो म्हणाले.

“मग झालं,” म्हणाले. “त्या एका वाक्यावरून शिकाऊ डॉक्टरही उष्माघात सांगेल.”

मला अजूनही आशा होती, स्वाती. वाटत होतं, ते म्हणतील की चूक झाली, उन्हात माझंही डोकं चालत नव्हतं. चूक मी समजून घेतली असती. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “मानेला हात लावला तेव्हाच कळलं होतं मला. कळलं, आणि मी ठरवलं की कळलं नाही.”

मी विचारलं, वर जाताना मनात काय चाललं होतं तुमच्या?

“काही नाही,” म्हणाले. “बरं वाटत होतं.”

मी खुर्चीत बसून राहिले. समोर बसलेला माणूस तोच होता, तोच राखाडी कार्डिगन. त्या दिवसापासून मी मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपते. आम्ही भांडलो नाही. दूध संपलंय, कचऱ्याच्या बिन्स बाहेर ठेवल्या का, एवढं बोलतो.

मी कोरोनरच्या ऑफिसला फोन करून माझा जबाब दिला. त्यांनाही सांगून दिला, लपवून नाही.

मंगळवारी इन्क्वेस्ट होती. हॅम्पशायरपर्यंत आम्ही एकाच गाडीतून गेलो. मोटरवेवर ते एकदा म्हणाले, पाऊस येईलसं दिसतंय. कोरोनर म्हणजे माझ्याच वयाच्या एक बाई, आवाज हळू. आधी त्यांनी दीनानाथांना बोलावलं. त्यांचा जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, डॉक्टर, यात काही बदल करायचा आहे का?

ते कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, हो. घाम येत नव्हता. तो भ्रमात बोलत होता. मला उष्माघाताची लक्षणं दिसली होती आणि मी त्याला सोडून वर गेलो.

बाईंनी विचारलं, का?

“मला शिखरावर जायचं होतं.”

परीक्षित माझ्या पुढच्या रांगेत होता. त्याची मान खाली गेलेली दिसली. मला नंतर बोलावलं, पण विचारण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. माझा जबाब टेबलावर नसता तर ते खरं बोलले असते का, हे मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, आणि विचारलं तरी त्या उत्तरावर विश्वास कसा ठेवू?

निकाल अपघाती मृत्यूचा. कोरोनरबाई म्हणाल्या की सुट्टीवर असलेल्या माणसावर थांबण्याचं कायद्याने बंधन नव्हतं. मग कागदांवरून नजर वर करून म्हणाल्या, “बंधन नव्हतं, एवढंच मी म्हणते आहे.” चुकीच्या जबाबाबद्दल दीनानाथांना कडक शब्दांत सुनावलं, आणि सगळे कागद मेडिकल कौन्सिलकडे जातील.

बेसिंगस्टोकच्या पेपरात आलं. मंडळात पोचायला दोन दिवस लागले. नंदाताईंनी फोन करून विचारलं, खरं आहे का? मी हो म्हणाले, तर त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. ईलिंग रोडवर भाजी घेताना ओळखीची माणसं आता कोथिंबीर निवडण्यात फार गुंगतात. दीनानाथ येत नाहीत माझ्याबरोबर.

हे तुझ्या सासूबाईंनाही कळू दे. त्यांचा मुलगा हट्टी नव्हता. तो आजारी होता आणि त्याला मागे टाकलं.

सुप्रभा

*

केंटन
१४ जानेवारी २००७

प्रिय स्वाती,

रविवारी फोन वाजला आणि तू “काका आहेत का?” विचारलंस, तेव्हा मी तुझा आवाज ओळखलाच नाही. ओळखला असता तर कदाचित रिसीव्हर त्यांच्या हातात देण्याआधी काहीतरी बोलून बसले असते. बरं झालं.

मला फक्त इकडची बाजू ऐकू आली. तू काय विचारलंस ते त्यांच्या उत्तरावरून कळलं. “हो,” म्हणाले. “तेव्हाच खाली नेला असता, अंग गार केलं असतं, तर बहुतेक वाचला असता.” नक्की सांगता येत नाही, असं म्हणायची सोय होती. चौतीस वर्षं त्यांनी नातेवाइकांना तेच सांगितलं. तुला तसं म्हणाले नाहीत.

मग तू फोन सासऱ्यांना, कमलाकररावांना, दिलास. तेही मला जरा उशिरा, दीनानाथ एकदम उठून उभे राहिले तेव्हा कळलं. तेच वाक्य पुन्हा सांगितलं त्यांना, शब्दाला शब्द. नंतर खूप वेळ ऐकत राहिले. मला वाटलं ते शिव्या देत असतील, आणि मनात म्हटलं, देऊ देत.

मग दीनानाथ अडखळत बोलायला लागले. “डोंगर दिसतात. लाल. एकामागे एक, संपतच नाहीत. सौदीच्या बाजूला वाळू. आणि खूप लांब समुद्र आहे, पाण्याची नुसती एक रेघ. हो. नाही, झाड एकही नाही. वारा होता. हो, वर वारा होता.”

फोन ठेवल्यावर ते जिन्याच्या पायरीवर बसले. मी विचारलं, काय म्हणाले ते?

“त्यांनी विचारलं, वरून काय दिसतं? उदय सांगू शकला नाही, तर तुम्ही सांगा, म्हणाले.”

एवढं बोलून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. घळीत रडले होते त्याहून हे वेगळं होतं. मी शेजारी बसले नाही. उभी मात्र राहिले, तिथून गेले नाही. मी पुढे काय करणार, त्यांच्याबरोबर राहणार की मुलीकडे जाणार, हे मला आजही सांगता येत नाही. मेडिकल कौन्सिलचं पत्र आलं आहे. सुनावणीची वाट न बघता डॉक्टरांच्या यादीतून माझं नाव काढून टाका, असं त्यांनी स्वतः कळवलं. ते त्यांचं. माझं अजून ठरायचं आहे.

त्यानंतर दोन दिवसांनी तू माझ्यासाठी केलेला फोन. “काकू, तुम्ही या. त्या वेळी तुम्ही त्याच्याजवळ होतात. काका नकोत. सासूबाईंना तुम्हाला बघायचंय.” मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते ‘जा’ म्हणाले, आणि बॅग माळ्यावरून काढून दिली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातलं तिकीट मिळालं आहे. मुंबईहून पुढे रेल्वेने येईन, स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस. भीती वाटते आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. सासूबाईंसमोर उभी राहीन तेव्हा काय बोलायचं ते मी ठरवून येणार नाही. त्या विचारतील ते सांगेन.

स्वरालीला सांग, एक बाई येणार आहेत. तिने विचारलं, कोण, तर काय सांगायचं ते तू ठरव. तू सांगशील त्या नात्याने मी दारात उभी राहीन.

सुप्रभा